रोग नसताना तपासणी : कोणाची, कोणत्या वयात आणि कशासाठी?

वर्षभराच्या कामाचा आढावा, जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीने वार्षिक अहवालात एखाद्या आरोग्यविषयावर थोडे विस्ताराने लिहावे, असा परिपाठ आम्ही ठेवला आहे. असे लेख बहुधा रोगांविषयी आणि उपचारांविषयी असतात. यंदाचा विषय मात्र निरोगी माणसांचा आहे. ज्याला काहीही त्रास नाही अशा माणसाने रुग्णालयाची पायरी का चढावी, चढावी तर कोणत्या वयात, कोणत्या तपासणीसाठी आणि किती वर्षांच्या अंतराने, हा तो प्रश्न होय.

बाह्यरुग्ण विभागात आम्हांला दोन प्रकारची माणसे वारंवार भेटतात. पहिली म्हणजे पन्नाशी ओलांडलेली ग्रामीण स्त्री. पाळी जाऊन काही वर्षे झाली आणि पुन्हा रक्तस्राव सुरू झाला. अंगावरून पांढरे जाणे तर त्याआधीपासून चालू होते. उष्णतेचे असेल, वयाचे असेल, सुगी आटोपली की बघू, असे म्हणत ती जेव्हा येते तेव्हा रोग गर्भाशयमुखाच्या बाहेर पसरलेला असतो. दुसरा म्हणजे शहरातला सुखवस्तू गृहस्थ. मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून त्यास ‘फुल बॉडी चेकअप’ करून दिलेला असतो, आणि साठ-सत्तर आकड्यांपैकी एका आकड्यापुढे तांबडी खूण दिसल्याने त्याची झोप उडालेली असते. पहिलीला हवी ती तपासणी कधी मिळालीच नाही आणि दुसऱ्याला नको ती मिळाली. दोघांचेही नुकसान झाले. परंतु दोन्ही नुकसाने सारखी नव्हेत, आणि या लेखाचा मोठा भाग पहिलीसाठी आहे.

चाळणी म्हणजे निदान नव्हे

लक्षणे नसलेल्या माणसांची जी तपासणी केली जाते तिला आम्ही चाळणी तपासणी म्हणतो. शब्द घरगुती असला तरी नेमका आहे. गहू चाळताना चाळणीवर जे उरते ते सगळे खडेच नसतात; त्यात थोडे जाड दाणेही असतात, आणि ते नंतर हाताने निवडावे लागतात. समजुतीपुरते काही आकडे धरू. एक हजार व्यक्तींपैकी दहा जणांना सुप्त अवस्थेतील रोग आहे. चाचणी त्यांपैकी नऊ जणांना पकडते, परंतु निरोगी असलेल्या शंभरांतील पाच जणांवरही चुकून बोट ठेवते. म्हणजे चाळणीवर सुमारे एकोणसाठ माणसे उरतील आणि त्यांतील पन्नास निरोगी असतील. ‘तपासणीत दोष निघाला’ याचा अर्थ ‘रोग झाला’ असा घेऊ नये, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो ते याच कारणाने. उलट बाजूही ध्यानात ठेवावी : दहावा माणूस चाळणीतून निसटला आहे. म्हणूनच एकदा सर्व काही ठीक निघाले तरी ठरलेल्या अंतराने पुन्हा यावे लागते, आणि मधल्या काळात लक्षण दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहायची नसते.

कोणत्या रोगासाठी चाळणी लावावी याचे निकष १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या विल्सन आणि युंगनर यांच्या पुस्तिकेत मांडले गेले. रोग महत्त्वाचा असावा, त्याला ओळखता येईल अशी सुप्त किंवा आरंभीची अवस्था असावी, चाचणी लोकांना मानवणारी असावी, आणि रोग सापडल्यावर देता येईल असा मान्य उपचार व त्याची सोय उपलब्ध असावी, हे त्यांतील मुख्य. यांतला शेवटचा निकष सर्वांत जास्त विसरला जातो.

गर्भाशयमुख : आपल्याच मुलखातला पुरावा

या निकषांवर सर्वांत चोख उतरणारा रोग म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग. त्याचे मूळ मानवी पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गात आहे. हा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्ग अतिशय सामान्य आहे आणि बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. तो झाला म्हणजे कोणाच्या वर्तनावर बोट ठेवण्याचे कारण नाही, हे सासरच्या आणि माहेरच्या मंडळींनी नीट समजून घ्यावे. थोड्या स्त्रियांत तो टिकून राहतो, पेशींत बदल घडवतो, आणि त्या बदलांचे कर्करोगात रूपांतर होण्यास सामान्यतः दहा ते वीस वर्षे लागतात. एवढा मोठा अवधी फार थोडे कर्करोग देतात. तिशीच्या आत तपासणी केल्यास आपोआप जाणारे संसर्गच अधिक सापडतात आणि विनाकारण उपचार होतात. म्हणून सुरुवात तिशीपासून.

याचा पुरावा परदेशातून आणावा लागत नाही. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहभागाने, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास हाती घेतला गेला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह चार गटांत विभागले गेले. एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली. दुसऱ्याची पॅप म्हणजे पेशींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी. तिसऱ्या गटात गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहिले गेले. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. तपासणी आयुष्यात एकदाच केली गेली. आठ वर्षांनी पाहता, नेहमीच्या सेवेच्या गटात या रोगाने ६४ स्त्रिया दगावल्या होत्या, तर आकाराने किंचित मोठ्या असलेल्या एचपीव्ही गटात ३४. हा निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या धोरणांवर त्याचा परिणाम झाला. ज्या स्त्रियांच्या बळावर हे ज्ञान मिळाले त्यांतील कित्येकींना सही करता येत नसेल.

याच अभ्यासात ॲसेटिक आम्लाच्या, म्हणजे व्हीआयएच्या, एका फेरीने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मग ती तपासणी निरुपयोगी म्हणावी काय? तसे नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८पासून चालवलेल्या दुसऱ्या अभ्यासात सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. तेथे दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी हीच तपासणी दोन-दोन वर्षांच्या अंतराने चार वेळा केली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाले. साधने तीच, हातही तज्ज्ञांचे नव्हेत. फरक पडला तो पुन्हा पुन्हा केल्याने. साधी तपासणी असेल तर तिला नेमाची जोड लागते. एचपीव्ही चाचणी महाग, पण तिच्यात दोष न निघालेल्या स्त्रीला पुढची पाच ते दहा वर्षे पुन्हा येण्याची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

या अभ्यासांतील तुलनेच्या गटांना तपासणी न देण्यावर पुढे कठोर टीका झाली, हेही येथे नोंदवले पाहिजे. ती टीका आम्ही क्षुल्लक मानत नाही. पण मग ज्या ज्ञानासाठी एवढी किंमत मोजली गेली ते वापरले तरी जावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी तरी झालेल्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के आढळल्या. स्तनतपासणी झालेल्या तर शंभरांत एकही भरत नाहीत.

हे असे का, याचे उत्तर यंत्रसामग्रीत शोधून सापडणार नाही. काही दुखत नसताना मजुरी बुडवायची; तपासणीच्या टेबलावर झोपण्याचा संकोच; घरी विचारावे लागते; आणि ‘काही निघाले तर’ ही भीती. शिबिरात तपासणी होते, फोटो निघतात, आकडा अहवालात छापला जातो. पण ज्या स्त्रीत दोष निघाला ती पुढच्या तपासणीला आली का, हे कोण पाहते? आमच्या मते शिबिराचे मूल्यमापन किती जणी आल्या यावर न करता, दोष निघालेल्यांपैकी किती जणींवर उपचार पूर्ण झाले यावर करावे. देणगीदारांनीही आम्हांला हाच आकडा विचारावा. कर्करोगपूर्व अवस्थेतील डाग उष्णतेने जाळण्याचा किंवा अतिशीत करून नष्ट करण्याचा उपचार काही मिनिटांचा असतो, बहुधा भूल लागत नाही आणि त्याच दिवशी घरी जाता येते. तपासणी आणि उपचार शक्यतो एकाच भेटीत व्हावेत असा जगभर आग्रह आहे तो याच अनुभवातून. दुसरी खेप म्हणजे दुसरी मजुरी बुडणे.

मुलींसाठी या विषाणूवरील लस आहे. ती ९ ते १४ या वयात, संसर्गाचा संभव निर्माण होण्यापूर्वी, दिल्यास सर्वांत गुणकारी ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या पहिल्या भारतीय लशीस २०२२ साली मान्यता मिळाली. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी टळत नाही, कारण सर्व प्रकारच्या विषाणूंना ती अडवत नाही.

स्तन आणि मुख

स्तनाच्या कर्करोगाची कथा इतकी सरळ नाही. पाश्चात्त्य देशांत चाळिशी-पन्नाशीनंतर ठराविक अंतराने मॅमोग्राफी करतात. आपल्याकडे हा रोग सरासरीने लवकरच्या वयात आढळतो, आणि तरुण स्तनांच्या दाट ऊतींत मॅमोग्राफीला गाठ ओळखणे कठीण जाते. शिवाय प्रत्येक तालुक्यात यंत्र आणि चित्र वाचणारा तज्ज्ञ आणायचा कोठून? मुंबईच्या वर उल्लेखिलेल्या अभ्यासात याच सेविका हाताने स्तनतपासणीही करीत होत्या. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. रोग अलीकडच्या टप्प्यात सापडू लागला; पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले; पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत घट दिसली नाही. प्रशिक्षित हात यंत्राची उणीव पुष्कळ अंशी भरून काढतो, पण सर्व वयांत सारखी नव्हे, एवढे त्यावरून म्हणता येते. तिशीनंतर प्रशिक्षित व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावी. न दुखणारी गाठ, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून रक्तमिश्रित स्राव किंवा संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा दिसल्यास त्याच आठवड्यात यावे. दुखत नाही म्हणून काळजी नाही, हा समज उलटा आहे. बहुतेक गाठी साध्या असतात, हेही तितकेच खरे.

मुखाच्या कर्करोगात पुरुषांना आणि पुष्कळ स्त्रियांनाही आरशापुढे उभे करावे लागेल. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरतात. विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्केच. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण चुना-तंबाखू, विदर्भातील खर्रा आणि घरोघरी बायकांची मशेरी यांचा वापर चालूच आहे. मशेरीला तर कित्येक घरांत व्यसन म्हणतच नाहीत, ते दात घासणेच समजतात. तिरुवनंतपुरम येथे १९९६ साली सुरू झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पस्तिशीपुढील लोकांची तोंडे केवळ उजेडात नीट पाहिली, आणि तंबाखू अथवा दारू घेणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली दिसून आले. तंबाखू न घेणाऱ्यांना या तपासणीचा विशेष लाभ आढळला नाही. पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, तिखट सोसेनासे होणे आणि आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात न जाणे, या खुणा पानटपरीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात.

रक्तदाब आणि साखर

कर्करोगाचे नाव भयंकर असल्याने या दोन साध्या तपासण्या मागे पडतात, आणि हे आम्हांला खटकते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. दोन्ही वर्षानुवर्षे मुके राहतात. बोलतात ते पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी होण्याच्या रूपाने. केंद्र शासनाच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक आराखड्यात तीस वर्षांपुढील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा, व मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी पाच वर्षांतून एकदा पाहावी, असे म्हटले आहे. गावातील उपकेंद्र म्हणजेच आताचे आयुष्मान आरोग्य मंदिर ही त्यासाठीची पहिली जागा. तेथे जे होते त्यासाठी आमच्याकडे यावे असे नाही. तेथून पाठवलेल्यांसाठी आम्ही आहोत.

वयाच्या दोन्ही टोकांविषयी थोडे. विशी-तिशीत कर्करोगाच्या चाळणीचे सहसा काम नाही. अधूनमधून रक्तदाब, मुलींचे हिमोग्लोबिन आणि तंबाखूविषयीचा स्पष्ट प्रश्न एवढे पुरे. पासष्टीनंतर, आधीच्या तपासण्या नियमित व निर्दोष असतील तर गर्भाशयमुखाची तपासणी थांबवता येते. त्या वयात मोतीबिंदू, ऐकू येणे, पडण्याची भीती आणि एकाच वेळी चालू असलेल्या गोळ्यांची संख्या यांकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

जे करू नये

आता त्या दुसऱ्या गृहस्थाकडे वळू. निरोगी माणसाच्या रक्तातील ‘ट्यूमर मार्कर’ सरसकट तपासून कर्करोग लवकर सापडतो, हा समज जाहिरातींनी पसरवला आहे. सीए-१२५ किंवा सीईए या चाचण्या मुख्यतः रोगाचा पाठपुरावा करण्यासाठी वापरल्या जातात. साध्या आजारांतही त्यांचे आकडे वाढतात. पुरःस्थ ग्रंथीसाठीची पीएसए चाचणी डॉक्टरांशी फायद्यातोट्याची चर्चा करूनच करावी. छातीच्या सीटी स्कॅनने दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांत लाभ होतो हे अमेरिकेत सिद्ध झाले, पण आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण त्याच चित्रात गोंधळ घालतात. दक्षिण कोरियाचे उदाहरण बोलके आहे. तेथे कर्करोग तपासणीच्या मोहिमेसोबत गळ्याची सोनोग्राफी स्वस्तात होऊ लागली आणि २०११पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३च्या पंधरा पट झाले. त्या रोगाचे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे हजारो लोकांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली, आयुष्यभराची गोळी मागे लागली, आणि आयुष्य वाढले नाही.

अशा पॅकेजांतून रुग्णालयांना उत्पन्न मिळते, हे आम्ही जाणतो. धर्मादाय रुग्णालयाने तरी त्या वाटेने जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घराण्यात आईला, बहिणीला वा मावशीला तरुणपणी स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा, अथवा वडिलांना वा भावाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर वरील वयोमर्यादा लागू नाहीत. आतड्याच्या बाबतीत तपासणी चाळिशीला, किंवा नातलगाला रोग झाला त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुरू करतात. अशा व्यक्तींनी नातलगांचे जुने कागद घेऊन यावे.

गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी पाळीचे दिवस टाळावेत आणि आदले दोन दिवस योनिमार्गात औषध वापरू नये. उपाशीपोटीच्या साखरेसाठी आठ तास काही खाऊ नये, पाणी चालते. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळून पाच मिनिटे शांत बसावे. नोंदवहीत मोबाइल क्रमांक देताना तो फोन घरात कोणाच्या हाती असतो तेही सांगावे, आणि निकाल आपल्यालाच कळावा, इतरांना नको, अशी कोणा स्त्रीची इच्छा असेल तर नोंदणी करतानाच तसे लिहून घ्यावे.